टाइडचा पुडा आणि एकोणीस सिद्धांत

इंग्लंडमधील विद्यार्थी सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा उरकली म्हणजे विद्यापीठाची पायरी चढण्यापूर्वीची दोन वर्षे बहुधा तीनच विषयांच्या सखोल अध्ययनात घालवितो. ‘ए लेव्हल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टप्प्यावर गणित, इतिहास, रसायन यांच्या पंगतीस ‘मीडिया स्टडीज’ हाही विषय बसतो. वृत्तपत्रे, जाहिराती, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांच्या या अभ्यासाला तेथील वृत्तपत्रांनी मिकी माउसच्या नावाने, म्हणजे पोरखेळ म्हणून, हिणवावे, यात नवल नाही. ज्याची झडती घ्यावयाची, तो झडती घेणाऱ्याचे कौतुक सहसा करीत नाही.

या विषयाचा उगम मात्र करमणुकीच्या हौसेत नसून करमणुकीच्या धास्तीत आहे. १९३३ साली केंब्रिजचे समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी डेनिस थॉम्प्सन यांच्यासह ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’ हे पुस्तक शिक्षकांच्या हाती दिले, तेव्हा जाहिराती आणि सवंग वाङ्मय यांच्या संसर्गापासून मुलांची अभिरुची वाचवावी, हा त्यांचा हेतू होता. हा देवी टोचण्याचाच एक प्रकार होय. पुढे लेन मास्टरमन यांनी ‘टीचिंग अबाउट टेलिव्हिजन’ (१९८०) व ‘टीचिंग द मीडिया’ (१९८५) या ग्रंथांतून निराळी भूमिका मांडली. माध्यमे जगाचे चित्र रचीत असतात. सबब ते भले की बुरे हे ठरविण्यापूर्वी ते कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने रचले, याचा तपास आधी झाला पाहिजे.

हा तपास कसा चालतो, याचा एक दाखला पाहावा. एडुकास या परीक्षा मंडळाने नेमलेल्या नमुन्यांत १९५० च्या दशकातील टाइडची एक अमेरिकन जाहिरात होती. तीत केस रुमालाने बांधलेली, ओठ लालभडक रंगविलेली गृहिणी कपडे धुण्याच्या पुडीचा खोका छातीशी कवटाळून उभी आहे आणि तिच्या डोक्यावर बदामाच्या आकाराची हृदये तरंगत आहेत. महायुद्धाच्या काळात ज्या देशाच्या कारखान्यांत लक्षावधी स्त्रिया राबल्या, त्या देशाने युद्ध संपताच स्त्रीचे प्रेम साबणाच्या खोक्यावर का जडविले, हा प्रश्न वर्गात उपस्थित होतो, तेव्हा जाहिरातीचा मामला इतिहासाच्या दरबारात जातो.

२०१७ पासून लागू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमाने या तपासाची चार अंगे निश्चित केली, ती म्हणजे माध्यमाची भाषा, चित्रण, उद्योग आणि प्रेक्षकवर्ग. त्यांच्या जोडीला रोलां बार्थ यांच्यापासून जुडिथ बटलर यांच्यापर्यंतच्या विचारवंतांचे एकोणीस सिद्धांत अभ्यासास लावले. त्यांपैकी जमैकात जन्मलेल्या स्टुअर्ट हॉल यांचा सिद्धांत टाइडच्याच जाहिरातीस लावून पाहिला, तर एक गृहिणी ती वाचून मुकाट्याने दुकानाची वाट धरील, दुसरी ‘पूड चांगली, पण हे प्रेमाचे सोंग कशाला?’ म्हणेल, आणि तिसरी ‘कपडे धुण्याचा मक्ता माझ्याकडेच का?’ असा उलट सवाल करील. स्वीकार, तडजोड आणि विरोध या वाचनाच्या तीन तऱ्हा हॉल यांनी सांगितल्या.

या विषयात ७० टक्के गुण लेखी परीक्षेचे, तर ३० टक्के विद्यार्थ्याने स्वतः सिद्ध केलेल्या कृतीचे असतात. नियतकालिकाची पाने रचताना मुखपृष्ठावरील छायाचित्रात कोणाला ठेवावे आणि कोणाला कात्री लावावी, हा निर्णय ज्याने स्वहस्ते घेतला, त्याला दुसऱ्याच्या कात्रीची चाहूल लवकर लागते.

आपल्याकडे केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत ‘मास मीडिया स्टडीज’ हा कौशल्य-विषय म्हणून घेण्याची मुभा आहे, आणि कौशल्य म्हटले की पालकांची पहिली पृच्छा नोकरीची असते. परंतु इतिहास शिकलेला प्रत्येक जण इतिहासकार होत नाही, म्हणून इतिहास व्यर्थ ठरत नाही. या विषयाचे माप त्यातून किती पत्रकार निपजले यावरून घेऊ नये. वर्तमानपत्राचा मालक कोण, हा प्रश्न बातमी वाचण्यापूर्वीच विचारणारे वाचक त्याने किती घडविले, यावरून घ्यावे.