बोलणारी अवजारे

माणसाला कामाची, उपभोगाची किंवा मिरवायची चीज मानणे म्हणजे वस्तूकरण. ही दृष्टी फार जुनी. इ.स.पू. 37 च्या सुमारास रोमन लेखक व्हॅरो याने शेतीवरच्या ग्रंथात अवजारांची एक वर्गवारी नोंदवली: गाड्या मुकी अवजारे, बैल अर्धवट आवाजाची आणि गुलाम बोलणारी. माणूस, पण अवजारांच्या यादीत!

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने 1785 मध्ये बजावले की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला ‘केवळ’ महत्त्वाचा. शिंप्याकडून कपडे शिवून घेण्यात गैर काही नाही. पण त्याचा नकार, थकवा, मत यांना किंमतच उरली नाही, की तो वस्तू झाला. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी 1995 मध्ये वस्तूकरणाच्या सात खुणा मांडल्या. एकाच्या जागी दुसरा सहज चालेल असे मानणे, ही त्यांतली एक.

माणसाला अवजाराच्या नावाने मोजणे आजही दिसते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई आजारी पडली तर खाडा धरून पैसे कापले जातात, आणि ते अख्ख्या कोयत्याचे.