एकटं लाकूड जळत नाही

एकटं लाकूड जळत नाही, हे चुलीपुढे बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पेटत्या चुलीतून एखादं लाकूड बाजूला ओढलं की थोड्या वेळात ते काळं पडून धुमसू लागतं. पुन्हा दुसऱ्याला भिडवलं की फुंकरीसरशी पेट घेतं. ज्वाला लाकडाची नसतेच, लाकूड तापून सुटणाऱ्या वायूंची असते, आणि ते वायू सुटत राहायला सतत धग लागते. एकट्या लाकडाची धग उघड्यावर उधळून जाते, समोरासमोरची दोन लाकडं मात्र एकमेकांना तापवत राहतात. उत्तर युरोपातल्या लाकूडतोड्यांनी यातूनच एका ओंडक्याची चूल काढली. हात-सव्वा हात उंचीचा ओंडका उभा करायचा, वरून करवतीने फुलीसारखे छेद द्यायचे, बुडाशी चार बोटं लाकूड अखंड राखायचं आणि मधोमध विस्तव घालायचा. छेदांच्या भिंती एकमेकींना तापवतात, गरम हवा वर धावते, तिच्या जागी फटींतून ताजी हवा ओढली जाते. सपाट माथ्यावर किटली ठेवली की झालं. ओंडकाच सरपण, ओंडकाच चूल आणि ओंडकाच धुराडं. बर्फावर चूल मांडायची सोय नसते, तिथे विस्तव असा जमिनीपासून उंच राहतो.

हल्ली व्हिडिओंमधून हा ओंडका आपल्याकडच्या हौशी भटक्यांपर्यंत पोचला आहे आणि ती रानातली खास कला म्हणून सांगितली जाते. मला ते अर्धवट वाटतं. रानात सरपण फुकट असतं, चार काटक्या जास्त गेल्या तर कुणी विचारत नाही. आग आतल्या आत कोंडून तिचा पुरेपूर उपयोग करून घेण्याची खरी निकड जळण विकत घेणाऱ्याला असते, म्हणजे शहरातल्या माणसाला. सदाशिव पेठेतल्या वाड्यांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला लाकूड वखारीतून वजनावर घ्यावं लागे, रॉकेल रेशनकार्डावर मिळे. एक किलो सुक्या लाकडात साधारण ४००० किलोकॅलरी उष्णता असते. एक लिटर पाणी उकळायला सुमारे ७५ लागतात. कागदावर पन्नासेक लिटर पाणी उकळायला हवं. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, म्हणजे पाच ते आठ लिटर. बाकीचे पैसे धुरात. हा हिशेब पेठेत कुणी असा मांडला नसेल, पण काटकसरीला आकडेमोड लागतेच असं नाही.

पेठेतला उभा ओंडका म्हणजे भुशाची शेगडी. पत्र्याचा डबा, बुडाजवळ बाजूला एक भोक. त्या भोकातून आडवा दांडा मध्यापर्यंत सारायचा, मध्यावर बाटली किंवा लाटणं उभं धरायचं, आणि भोवतीने लाकडाचा भुसा थराथराने ठासायचा. हे ठासणंच सगळ्यात महत्त्वाचं. सैल राहिला तर भुसा ढासळतो, दमट असला तर नुसता धुरतो. डबा भरला की बाटली हलक्या हाताने फिरवत वर काढायची, दांडा बाहेर ओढायचा. आत काटकोनातला बोगदा उरतो. खालून कागद आणि ढलप्या पेटवल्या की बोगद्याच्या भिंती एकमेकींना तापवू लागतात. ओंडक्याच्या छेदांत जे घडतं तेच इथे. फुंकणी नको, सरपण पुढे सारणं नको. आणि हा भुसा म्हणजे लाकूड कापताना उरलेला कचरा: पुण्यात भवानी पेठेच्या लाकूडबाजारासारख्या ठिकाणी तो आयताच साचतो. तेव्हा ओंडका करवतीने कापून जी फट मिळवायची, ती इथे करवतीच्या उरल्यासुरल्यातूनच मिळते. ही शेगडी कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडणाऱ्या तांब्याच्या बंबाची चुलतबहीणच म्हणा. त्यातही मधल्या उभ्या नळीत आग आणि भोवती पाणी.

यावर पहिला आक्षेप धुराचा, आणि तो खोटा नाही. पेटताना शेगडी धुरते, आणि धुमसणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला ना रंग ना वास. म्हणून ही शेगडी चौकातली किंवा मागच्या अंगणातली, बंद खोलीतली नव्हे. वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहिली, चौक गेले आणि शेगडीची जागाही गेली. गॅसने ती हटवली याचं दुःख मानायचं कारण नाही. धुरात बसणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने गॅस आधीच मागितला असता. दुसरा आक्षेप असा की मग आज हे कशाला उगाळायचं? कारण ज्यांना गॅस परवडत नाही त्यांचा प्रश्न अजून जळणाचाच आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात उभी केलेली ‘आरती’ ही संस्था त्याच प्रश्नाला भिडली: उसाचं पाचट शेतात जाळून टाकण्याऐवजी त्याचा कोळसा करायचा. त्या कामाला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. फुकट जाणारं जळण आणि कोंडलेली आच, ही जोडी तिथेही आहे.

उलट गडावर जाऊन अख्खा ओंडका चिरणं मला पटत नाही. राखीव वनात वणव्याचा धोका होईल असा विस्तव पेटवणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, शिवाय एका किटलीच्या चहासाठी ओंडका म्हणजे फारच झालं. शेतावर, छाटलेल्या बाभळीचा किंवा सुरूचा सुका तुकडा हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. एक अडचण मात्र ओंडका आणि शेगडी दोन्हींत सारखीच: ही आग मध्येच बंद करून पुढच्या वेळेला राखता येत नाही. स्वयंपाकालाच तिच्या चालीने चालावं लागतं. सुरुवातीला बोगदा अरुंद, आच बेताची, तेव्हा चहा. भिंती जळत भोक रुंदावलं की आच चढते, तेव्हा तुरीची डाळ. आणि भिंत कवचाएवढी उरली की वर धुण्याचं पाणी ठेवायचं आणि डब्याला धक्का लागू द्यायचा नाही.