चिलापी आली, वलगण गेली

ठाण्या-कल्याणातल्या कुठल्याही तलावाच्या कठड्यावर गळ टाकून बसलेल्याला काय लागलं ते विचारा. उत्तर ठरलेलं: ‘चिलापी, दुसरं काय!’

चिलापी म्हणजे मोझांबिककडचा तिलापिया. हा मासा १९५२ साली भारतात आला तो रीतसर, सरकारी पाहुणा म्हणून. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा पडावा, हा हेतू. सातच वर्षांत, १९५९ मध्ये, त्याच्या प्रसारावर बंदी आली. तोवर पाहुण्याने बिऱ्हाड थाटलं होतं.

मादीचं तोंड उघडलं की कधी कधी तळहातावर मोहरीएवढी पिवळट अंडी सांडतात, नाहीतर नुसते डोळेच दिसावेत अशी पिल्लं. ती तोंडातच वाढवते. उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा वीण, आणि खाण्याचे नखरे नाहीत: शेवाळापासून दुसऱ्याच्या अंड्यांपर्यंत सगळं चालतं.

मरळ, शिंगी, देशी मांगूर यांना मात्र पाऊस लागतो. मृगाच्या सरींनी ओहोळ फुगले की हे मासे भातखाचरांकडे चढायचे आणि उथळ पाण्यात वीण व्हायची. हीच वलगण. बॅटरी आणि कोयता घेऊन रात्रीचे खाचरात उतरलेले लोक डोंबिवलीच्या गावठाणांत अजून भेटतील. पुढे खाचरांवर इमारती झाल्या, तलावांना सिमेंटच्या भिंती आल्या, चढायची वाट बुजली. मरळ, शिंगी, मांगूर हे तिघेही वरची हवा गिळून घाण पाण्यात तगणारे. तेव्हा वलगण गेल्याचं सगळं खापर सांडपाण्यावर फोडता येत नाही. चिलापीवर तर नाहीच. आखाडा आपणच तिच्या सोयीचा करून दिला.

मग थाई मांगूर आला. नाव थाई, कूळ आफ्रिकी, भूक राक्षसी. २००० साली बंदी येऊनही भिवंडीकडच्या तळ्यांत तो कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर पोसला गेला. हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यव्यवसाय विभागाला साठे नष्ट करावे लागले. पुरात असा मासा बांध कसा ओलांडतो, हे २६ जुलै २००५ची उल्हास नदी पाहिलेल्या कल्याणकरांना सांगायला नको.

आता पाळी घरच्या काचेच्या टाकीची. टाकीत मावेनासा झालेला सकर मासा ‘जीवदान’ म्हणून तलावात सोडायची टूम निघाली आहे. तो दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या कुणाला द्या. ठाण्याच्या मासुंदा तलावात किंवा कल्याणच्या काळ्या तलावात सोडू नका.