आधी हिशोब, मग बुरूज: पर्यावरणाची पदवी कशी आखावी?



बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दाखला प्रभू येशूने दिला आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात तो आपण वाचतो. पाया घालून काम अर्धवट राहिले तर पाहणारे हसतात. आमच्या आदिवासी मुलामुलींच्या पदवी शिक्षणाचा विचार करताना हा दाखला मला वारंवार आठवतो. फरक इतकाच, की त्यांचा बुरूज अर्धा राहिला तर हसायला कोणी येत नाही. घरी मात्र धाकट्या भावंडांची शाळा सुटते.

काही महिन्यांपूर्वी मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेले होते. आमच्या भागात तिला सगळे 'फाईव्ह स्टार' म्हणूनच ओळखतात. सोबत बारावी विज्ञान शाखेत शिकणारी आमची एक मुलगी होती. ती पावरा समाजाची, सातपुड्यातल्या धडगाव भागातून आलेली. तिचा थोरला भाऊ फाईव्ह स्टारमध्ये कंत्राटी कामाला आहे आणि त्यालाच भेटायला आम्ही गेलो होतो. परतताना रस्त्याकडेच्या नाल्याकडे पाहून तिने विचारले, "ताई, इतक्या कारखान्यांचं पाणी जातं कुठं? आणि ते तपासतं कोण?"

मी म्हणाले, "तपासणारी माणसं असतात. त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं."

"मग मी ते घेतलं तर चालेल का?"

त्या प्रश्नाचे उत्तर घाईने द्यायचे नाही, असे मी ठरवले. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मीच सल्ला दिला होता. विषयांच्या यादीत 'पर्यावरण' हा शब्द दिसला, बारावी कला शाखेवर प्रवेशही मिळत होता, म्हणून मी त्याला बी.ए.ला घातले. तीन वर्षांनी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, तेव्हा जाहिरातीत रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रातील बी.एस्सी. मागितली होती. त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडला. आज तो पॅकिंग विभागात काम करतो. पदवी त्याची खरी होती आणि कष्टही खरे होते. आखणी मात्र माझी कच्ची होती. तीच चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

एकच शब्द, तीन अर्थ

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत 'पर्यावरण' हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो.

पहिली गोष्ट म्हणजे सर्वांना सक्तीचा असलेला पेपर. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर देण्याचा आदेश दिला. पुढे न्यायालयाच्या पाठपुराव्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ च्या सुमारास सर्व पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला. म्हणून बी.कॉम.चा विद्यार्थीही पर्यावरणाचा पेपर देतो. तो चांगला आहे, पण ती पदवी नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे पर्यावरणशास्त्राची बी.एस्सी. यात रसायन, जीवशास्त्र, भूगर्भ, संख्याशास्त्र आणि प्रयोगशाळेचे काम असते. पाणी, हवा, माती आणि कचरा तपासण्याच्या नोकऱ्यांकडे हा रस्ता जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे कला किंवा सामाजिक शास्त्रांच्या बाजूने होणारा पर्यावरण अभ्यास. यात भूगोल, कायदा, अर्थकारण आणि लोकांचे जंगल-पाण्यावरचे हक्क येतात. हा रस्ता कमी प्रतीचा मुळीच नाही. तो ग्रामसभा, सामाजिक संस्था, नियोजन आणि संशोधनाकडे जातो; प्रयोगशाळेकडे जात नाही, एवढेच.

आधी मुक्काम ठरवा, मग गाडी निवडा. मी त्या मुलाला आधी गाडीत बसवले आणि मुक्काम नंतर विचारला.

बाटलीतले पाणी काय सांगते?

रसायनशास्त्र का लागते, हे एका साध्या तपासणीवरून कळेल. सांडपाण्यात सडणारा सेंद्रिय मैला असला की जंतू तो खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. मैला जितका जास्त, तितका प्राणवायू लवकर संपतो आणि मासे गुदमरतात. हे मोजण्याच्या चाचणीला बीओडी म्हणतात. नमुना शुद्ध पाण्यात मिसळून बाटलीत भरतात, विरघळलेला प्राणवायू मोजतात, बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात आणि पुन्हा मोजतात. दोन आकड्यांतला फरक आणि नमुना किती पातळ केला होता, यावरून उत्तर निघते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. रसायनांनी मोजल्या जाणाऱ्या सीओडीसाठी ती २५० आहे, आणि आम्ल-अल्काचे प्रमाण दाखवणारा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो.

यात द्रावणाची तीव्रता, टायट्रेशन आणि गुणोत्तर सगळे आले. बारावीत रसायन नीट न शिकलेल्या मुलाला हे पुढे फार जड जाते.

फाईव्ह स्टारमध्ये सूत-कापडाचे कारखाने आहेत, ओतकाम आणि यंत्रकामाचे आहेत. रंगाच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आणि फाउंड्रीतल्या वापरलेल्या वाळूचा व धुराचा प्रश्न वेगळा. वसाहतीसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. कारखान्याने आधी स्वतः प्रक्रिया करायची आणि मग पाणी सामायिक केंद्राकडे पाठवायचे, अशी ही रचना असते. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांनुसार कारखाना उभारताना व चालवताना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते. त्यातल्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहायला कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि मंडळात जाणकार माणसे लागतात.

हे काम कागदी नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. वाटेत शहरांचे मैलापाणी आणि उद्योगांचे सांडपाणी तिच्यात येते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते. पाण्याचा एक नमुना वेळेवर आणि प्रामाणिकपणे तपासणे म्हणजे शेजाऱ्यावर प्रीती करणेच आहे.

आपल्या पाड्यांसाठी याचा उपयोग काय?

काही पालक विचारतात, "कारखान्याचं शिकून आमच्या डोंगराला काय?" प्रश्न रास्त आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर खरे काम सुरू होते: जंगलात काय आहे याची मोजणी, किती तोडावे आणि किती राखावे याची आखणी, नकाशे, नोंदी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने आपल्या वनस्पती, प्राणी आणि पारंपरिक ज्ञानाची नोंदवही करायची असते. ही कामे बाहेरचा माणूस करून जातो, तेव्हा पुष्कळदा गावाची नावे, गावाची भाषा आणि गावाचा अनुभव निसटतो. आजीकडून पन्नास झाडांची नावे शिकलेली मुलगी पदवीधर होऊन हेच काम करील, तर दोन्ही ज्ञाने एका वहीत येतील.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. कारभारीपणाची ही आज्ञा आमच्या आदिवासी बांधवांना नवी नाही. त्यांचे पूर्वज ती पिढ्यान्पिढ्या पाळत आले आहेत.

वर्षांची आखणी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात आणि नंतर परत येऊन पुढे शिकता येते. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. तरी सावधान: मधल्या वर्षी बाहेर पडण्याची सोय ही अडचणीच्या दिवसासाठी आहे. पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेतली नोकरी मिळेल असे गृहीत धरू नका.

पहिल्या वर्षी पाया पक्का करा. रसायन, जीवशास्त्र, थोडे संख्याशास्त्र, संगणकावर तक्ता करणे आणि इंग्रजी वाचन. आमच्या मुलांची बुद्धी कमी पडत नाही, इंग्रजी पुस्तक अडते. रोज एक पान वाचून आपल्या भाषेत सांगण्याची सवय लावा.

दुय्यम विषय निवडताना फार विचार करा. याचे एक उदाहरण देते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत 'पर्यावरणशास्त्र' हे नाव नाही. म्हणजे ज्याला वनाधिकारी व्हायचे आहे त्याने पर्यावरणशास्त्रासोबत यांपैकी एखादा विषय घेतलाच पाहिजे. तो कोणत्या स्वरूपात घेतलेला चालतो, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतून पक्के करा. अठराव्या वर्षी केलेली खूण बाविसाव्या वर्षी दार उघडते किंवा बंद करते.

दुसऱ्या वर्षापासून क्षेत्रप्रकल्प आणि पुढे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण येते. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे एकशेवीस तास. हे तास सही-शिक्क्यापुरते घालवू नका. सांडपाणी केंद्र, पाणी तपासणारी प्रयोगशाळा किंवा वनहक्कावर काम करणारी ग्रामसभा, आपल्या मुक्कामाला साजेशी जागा निवडा. पुढे एम.एस्सी. करायची असल्यास कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षेतही हा विषय आहे.

प्रवेशाआधी महाविद्यालयाला चार प्रश्न विचारा. पदवीच्या कागदावर नेमके काय लिहून येईल? प्रयोगशाळा स्वतःची आहे का? प्रशिक्षणाला मुले कोठे पाठवता? मागच्या तुकडीतली मुले आज काय करतात? उत्तर द्यायला ज्यांना अडचण वाटते, तिथे आपण घाई करू नये.

पैसा आणि कागदपत्रे

बुरुजाच्या हिशोबातला हा भाग सर्वांत जास्त मुलांना अडवतो. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही यादी भिंतीवर लावा. जातवैधतेला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच कामाला लागा. वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांचे जुने शाळेचे दाखले जपून ठेवा.

येथे आपल्या मंडळीतील एक गैरसमज दूर करते. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबाचा जमातीचा दर्जा केवळ धर्मामुळे जात नाही. अर्जावर भीतीपोटी काही लपवू नका, खोटे लिहू नका.

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असणाऱ्या कुटुंबातील मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात जमा होतात. मात्र पैसे बहुधा उशिरा येतात. पहिल्या चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद वेगळी करा. मुले कॉलेज सोडतात ती बहुतेक याच महिन्यांत.

कागल हे राजर्षी शाहू महाराजांच्या जन्मघराण्याचे गाव. त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, कारण गरिबाच्या मुलाला फी माफ केली तरी त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागतेच, हे त्यांनी ओळखले होते. ते आजही तितकेच खरे आहे.

तर, त्या मुलीचे काय झाले?

आम्ही तिघे बसलो: ती, तिचा भाऊ आणि मी. वहीच्या एका पानावर मुक्काम लिहिला, "पाणी तपासणारी". खाली खर्च लिहिला, कागद लिहिले आणि विषय लिहिले. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तीन वर्षं मी ओव्हरटाइम करीन. पण त्या पोरासारखं नको व्हायला." त्याला ती गोष्ट माहीत होती. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "नाही होणार. या वेळी आधी विचारून घेतलं आहे."

तिने रसायन घट्ट धरले आहे. जातवैधतेचा अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे. पॅकिंगमधल्या त्या मुलालाही मी भेटले. भूगोलाची त्याची समज चांगली आहे आणि नकाशे करण्याचा एखादा अभ्यासक्रम त्याला जमेल, असे मला वाटते. त्याचा बुरूज पडलेला नाही, थांबलेला आहे.

प्रार्थनेसाठी विनंती: दोघांची आठवण ठेवा. आणि आपल्यापैकी कोणी सांडपाणी केंद्रात, प्रयोगशाळेत किंवा वनविभागात काम करीत असाल, तर एक दिवस आमच्या मुलांना आपले काम दाखवा. बारावी विज्ञानाची जुनी पुस्तके असतील तर तीही पाठवा. पैशाच्या देणगीइतकीच या दोन गोष्टींची आम्हांला गरज आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.