आवाजामागे धावलेले पोलीस

खुनी बराच काळ सापडला नाही की तो फार चलाख होता, असे आपण सहज म्हणून जातो. इंग्लंडमधल्या पीटर सटक्लिफची हकिगत वाचताना मला मात्र ते पटत नाही. तपास चालू असताना पोलिसांनी या ट्रक ड्रायव्हरची एकदा नव्हे, ९ वेळा चौकशी केली होती आणि प्रत्येक वेळी तो सुटला होता. असे का व्हावे?

ऑक्टोबर १९७५ ते नोव्हेंबर १९८० या काळात त्याने १३ स्त्रियांचे खून केले. सुरुवातीच्या बहुतेक जणी वेश्याव्यवसायातल्या होत्या. तेवढ्यावरून पोलिसांनी ठरवून टाकले की खुनी फक्त अशाच बायकांच्या मागावर आहे. जून १९७७ मध्ये लीड्सला १६ वर्षांची मुलगी मारली गेली, तेव्हा 'निरपराध मुलगी' म्हणून हळहळ झाली. जणू आधीच्या साऱ्या अपराधीच होत्या!

या समजुतीची किंमत मोठी होती. ऑगस्ट १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या खुनाच्याही आधी, सिल्सडेन येथे १४ वर्षांच्या शाळकरी मुलीवर हल्ला झाला. ती वाचली. तिच्या वर्णनावरून तयार झालेले चित्र सटक्लिफशी चांगलेच जुळणारे होते. पण ती पोलिसांच्या ठरलेल्या चौकटीत बसत नव्हती. हा हल्ला मालिकेत धरलाच गेला नाही. १९९२ मध्ये सटक्लिफने स्वतः त्याची कबुली दिली.

जून १९७९ मध्ये तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड यांच्याकडे एक ध्वनिफीत आली. 'मी जॅक' म्हणून बोलणाऱ्याची बोली संडरलंडकडची होती. हाच खुनी, असे पोलिसांनी मानले. भाषातज्ज्ञांनी शंका घेतली, तीही बाजूला पडली. त्याच सुमारास एका तरुण पोलिसाने सटक्लिफविषयी संशयाचा अहवाल दिला होता. पण सटक्लिफ यॉर्कशायरचा. ना बोली जुळत होती, ना आधी आलेल्या पत्रांतले हस्ताक्षर. अहवाल फायलीत गेला. त्यानंतर आणखी ३ स्त्रियांचा बळी गेला.

२ जानेवारी १९८१ रोजी शेफील्डमध्ये गस्तीवरच्या पोलिसांनी गाडीच्या खोट्या नंबरप्लेटवरून त्याला पकडले. ध्वनिफीत पाठवणारा भलताच माणूस निघाला. त्याला २००६ मध्ये ८ वर्षांची शिक्षा झाली. बळी पडलेल्या स्त्रियांविषयी वापरलेल्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी माफी मागितली, ती थेट २०२० मध्ये, सटक्लिफच्या मृत्यूनंतर.

पोलिसांनी मेहनत कमी केली असे कुणी म्हणणार नाही. लाखो लोकांची नोंद झाली, कार्डांचे ढीग साचले. पण बाईची 'चांगली' आणि 'वाईट' अशी वाटणी आधीच मनात झाली असेल, तर समोर आलेला साक्षीपुरावाही दिसत नाही. ही वाटणी काही फक्त पोलीसचौकीत होत नाही. ती घराघरांत होते, म्हणून ही जुनी हकिगत आपणही वाचायला हवी.