विजेचा आघात आणि संगणकीय माहितीची सुरक्षितता

महाविद्यालयाच्या प्रवेशनोंदी, निकालपत्रके व संशोधनाची आधारसामग्री आज प्रामुख्याने हार्ड डिस्कवर साठविली जाते. संगणक निकामी झाल्यास नवा घेता येतो. नष्ट झालेली माहिती मात्र विकत मिळत नाही.

वीज इमारतीवर न पडता जवळपास कोसळली, तरी वीजवाहिनी, दूरध्वनीची तार किंवा नेटवर्कची केबल यांमधून क्षणिक उच्च दाब संगणकापर्यंत पोहोचू शकतो. सर्ज प्रोटेक्टरमधील व्हेरिस्टर हा घटक त्या दाबाला दुसरी वाट करून देतो. त्यासाठी अर्थिंग निर्दोष असणे आवश्यक असते. शिवाय प्रत्येक मोठ्या आघातागणिक व्हेरिस्टर झिजत जातो. म्हणून हे साधन ठरावीक काळाने बदलावे लागते.

तथापि, कोणतेही साधन संपूर्ण हमी देत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये बेल्जियममधील गूगलच्या डेटा सेंटरला वीज पुरविणाऱ्या जाळ्यावर लागोपाठ चार वेळा वीज कोसळली. बॅटरीची पर्यायी व्यवस्था असूनही काही माहिती कायमची नष्ट झाली. तिचे प्रमाण तेथील संबंधित साठवणक्षमतेच्या ०.०००००१ टक्क्यापेक्षाही कमी होते.

संगणकाला सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्कही त्याच आघाताच्या वाटेवर असते. यास्तव किमान एक प्रत वीजपुरवठा व नेटवर्क या दोहोंपासून अलग करून दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती वाचता येते किंवा नाही, हे वळवाच्या पावसापूर्वी तपासावे. सर्ज प्रोटेक्टर यंत्राचे रक्षण करतो. माहितीचे खरे रक्षण अलग ठेवलेली प्रतच करते.