अवमूल्यन : केले की झाले?

गेल्या स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजविण्याचे काम माझ्याकडे होते. अकरा स्पर्धक बोलले आणि त्यांपैकी सातजणांनी "आज सर्वत्र मूल्यांचे अवमूल्यन झाले आहे" हे वाक्य उच्चारले. (आदल्या वर्षी याच वाक्याने सुरुवात करून मी स्वतः तिसरा क्रमांक मिळविला होता, हे कबूल केलेले बरे.) सातव्या वेळी शेजारी बसलेले अर्थशास्त्राचे सर हळूच म्हणाले, "झाले, झाले म्हणतात सगळे. केले कोणी, ते एकही सांगत नाही." त्या वेळी हसू आले, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

शब्दाची घडण सरळ आहे. 'मूल्य' या शब्दाला 'अव' हा उपसर्ग लागला. 'अव' म्हणजे खाली. अवनती, अवमान, अवहेलना या शब्दांत तोच आहे. अवमूल्यन म्हणजे मूल्य खाली आणणे. (यातला 'मू' दीर्घ आहे. आपल्या सूचनाफलकावर 'मुल्यमापन' असे लिहिलेले वर्षभर होते, म्हणून सांगितले.)

हा शब्द मुळात अर्थशास्त्राच्या दालनातला आहे, आणि तिथे त्याचा कर्ता कधीही लपलेला नसतो. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या, अर्थमंत्री सचिंद्र चौधरी होते. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. दहा डॉलर किमतीचे पुस्तक मागविणाऱ्या ग्रंथालयाला ४७ रुपये ६० पैसे मोजावे लागत होते, त्याचे एकदम ७५ रुपये झाले. यात गंमत अशी की त्या अवमूल्यनाचे दोन आकडे सांगितले जातात आणि दोन्ही खरे आहेत. रुपयाच्या बाजूने पाहिले तर त्याचे मूल्य ३६.५ टक्के उतरले. डॉलरच्या बाजूने पाहिले तर तो ५७.५ टक्के महागला. ज्याला डॉलरमधले कर्ज फेडायचे होते त्याच्या हिशेबी दुसराच आकडा खरा. मूल्य कमी करणाऱ्याला आपण थोडेच उतरविले असे वाटते. ज्याला ते भरून काढायचे असते त्याला मात्र जास्त मोजावे लागते.

१९९१च्या जुलैमध्ये १ आणि ३ या तारखांना पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. मार्च १९९३ पासून मात्र रुपयाचा दर मुख्यत्वे बाजारात ठरतो. म्हणून आता रुपया उतरला की 'रुपया घसरला' म्हणणेच योग्य. 'अवमूल्यन' म्हणायचे तर ते जाहीर करणारा कोणीतरी हवा. घसरण आपोआप होते, अवमूल्यन करावे लागते. यंत्राची किंमत वापराने कमी होते त्याला हिशेबनीस 'घसारा' म्हणतात; तिथे दोष कोणाचाच नसतो. मग आमच्या सात वक्त्यांच्या मूल्यांचे नक्की काय झाले होते? घसरण, घसारा की अवमूल्यन? 'झाले आहे' या दोन शब्दांनी ती पंचाईत टाळली, आणि टाळ्याही मिळविल्या.

घरात, बाजारात, एस.टी.त आपण हा शब्द वापरतच नाही. "त्याने माझे अवमूल्यन केले" असे कोणी म्हणाले तर ऐकणारा दचकेल. तिथे आपली जुनी क्रियापदे आहेत, आणि त्यांच्यात बारीक भेद आहेत. 'लेखणे' म्हणजे मोजणे, हिशेबात धरणे. "धाकट्याला कमी लेखू नकोस" यातले कमीपण लेखणाऱ्याच्या वहीत असते. धाकटा आहे तेवढाच राहतो, कदाचित त्याला पत्ताही नसतो. 'हिणवणे' तोंडाने होते आणि समोरच्याला ऐकू जावे म्हणूनच होते. सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला 'हीण' म्हणतात, त्यावरून 'हिणकस'. हिणवणे त्याच कुळातले. "त्याच्या बोलीवरून वर्ग त्याला हिणवतो" म्हणजे त्याच्यात हीण आहे असे वर्ग चारचौघांत सांगतो. 'पाणउतारा' करायला तर प्रेक्षकच लागतात. आणि 'मातीमोल करणे' यात वस्तूच हातची जाते : "अवकाळी पावसाने कांदा मातीमोल केला."

व्याकरणही थोडे पाहावे. कमी लेखतो, हिणवतो ते माणसा'ला'. अवमूल्यन करतो ते वस्तू'चे'. "पदवीचे अवमूल्यन", "पुरस्काराचे अवमूल्यन" हे कानाला बरे वाटते, कारण त्यांचे मूल्य आधी कोणीतरी ठरवून दिलेले असते. आणि ज्याच्या हाती ते ठरविणे असते तोच ते उतरवू शकतो. भारत सरकार रुपयाचे अवमूल्यन करू शकते, डॉलरचे नाही.

इथे आपल्या महाविद्यालयाचा संबंध येतो. "काय करतोस?" असे कोणी विचारले की आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर असते, "काही नाही, नुसतं बी.ए. करतोय." विज्ञान शाखेचा मुलगा 'नुसतं बी.एस्सी.' म्हणताना मी तरी ऐकलेला नाही. नातेवाईक आपल्याला कमी लेखतात, मित्र हिणवतात, ही तक्रार आपण कँटीनमध्ये रोज करतो. पण तो 'नुसतं' कोणी लावला? पदवी आपली, वाक्य आपले. त्यात दर खाली आणणारा कर्ता पहिल्या पुरुषाचा, एकवचनी आहे.

हे शब्द कुठून शिकलो याचा विचार करताना प्रवेशाचा दिवस आठवला. अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना होता. आई बरोबर होती. मी विचारले, "काय लिहू?" ती म्हणाली, "काही नाही लिही. मी घरीच तर असते." मी तसे लिहिलेही. माझ्या प्रवेशाची फी तिने ब्लाउज शिवून साठविली होती, आणि ती पिशवीतून काढून मोजत असतानाच मी तो शब्द लिहीत होतो. तिने स्वतःला कमी लेखले हे खरे, पण कागदावर पेन माझे चालले.

यंदा तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना मी त्या रकान्यात 'शिवणकाम' लिहिले आणि घरी येऊन तिला वाचून दाखविले. मशीनचे चाक न थांबवता ती म्हणाली, "बरं. पण मग कधीपासून करते तेही लिहायचं होतंस. एकवीस वर्षं झाली." त्या रकान्यात तेवढी जागा नव्हती.